मुलींच्या संडासाचं कुलूप

आज मधल्या सुटीत समोरच्या शाळेच्या नळावर मुली घटाघटा पाणी पीत होत्या. मी ओट्यावरून पाहत राहिले. पूर्वी त्या घोटभरही पीत नसत, कारण त्यांच्या संडासाला कुलूप असे. तपासणीला साहेब येतील तेव्हा तो स्वच्छ दिसावा म्हणून. दुपारी त्यांची डोकी दुखत आणि गुरुजी म्हणत, मुलींना अभ्यासात गती नाही. डोक्यात काही कमी नव्हतं, पोटात पाणी नव्हतं. मग एकेक मुलगी शाळा सोडून घरी बसे.

शेवटी आम्ही बायका गुरुजींकडे किल्ली मागायला गेलो.

"मुली घाण करतात, आजी."

"मग तुमच्या घरच्या संडासालाही कुलूप घाला!"

बायका हसल्या. गुरुजींनी खिशातून किल्ली काढून दिली.

आता दुपारचे पाढे माझ्या ओट्यापर्यंत ऐकू येतात, आणि त्यात मुलींचा आवाज वरचढ असतो.