निवटी काढून टाक

"कागद तिथंच ठेव. टेबलाला हात लावू नकोस."

साप्ताहिकाचे संपादक एवढं बोलले आणि त्यांनी पंखा वाढवला. पनवेलच्या मासळी बाजारातून मी थेट त्यांच्या ऑफिसात गेले होते. सकाळभर आईबरोबर कोळंबी सोलली होती. निघताना साबणाने हात घासघासून धुतले होते. तरी मी बोटं मागे घेतली, पदराखाली लपवल्यासारखी ओढणीत गुंडाळली.

मी शब्दकोडी करायचे. बारावीनंतर लागलेला नाद. पहिलं कोडं दिलं तेव्हा "रांगेत आहे, बघू" म्हणाले होते. मग पावसाळा गेला, होळी गेली. दर शनिवारी अंक यायचा, कोडं दुसऱ्याचंच. माझ्यामागून देऊन गेलेल्या, नवीन पनवेलच्या एका प्राध्यापकांच्या मुलीचं आलं. फोटोसकट. मी विचारायला गेले की मला जिन्यात थांबवायचे. दारातून आतल्या रिकाम्या खुर्च्या दिसायच्या.

इकडे आईने अख्ख्या बाजारात सांगून ठेवलेलं. शनिवार उजाडला की ओळीतल्या बायका विचारायच्या, "आलं काय गो तुजं कोडं?" मी मान खाली घालून बर्फ फोडत बसायचे. लाज वाटायची. छापून आलं नाही याची, आणि आपण मागायला गेलोच कशाला याचीही.

त्या दिवशी मात्र साहेब म्हणाले, "छापतो. पण हे निवटी, डोल, वल्हं काढून टाक. लोक चहा पिताना कोडं सोडवतात. त्यांना कशाला मासळीचा वास?"

निवटी म्हणजे आमच्या खाडीतला मासा. डोल म्हणजे आमचं जाळं. मी "हो सर" म्हटलं. वर "थँक्यू"ही म्हटलं. ते थँक्यू अजून घशात काट्यासारखं अडकलंय.

घरी रबर घेऊन बसले. कोड्यातला एक शब्द काढला की त्याला धरून असलेले सगळे कोसळतात. निवटी पुसली, तर तिच्या 'व'वरून खाली उतरणारं वल्हं गेलं. मागोमाग उधाण, खाडी, सगळंच पुसत गेले. त्यांच्या जागी पैठणी बसली, झुंबर बसलं, सतार बसली. आमच्या घरात यातलं काही नव्हतं.

माझं कोडं पहिल्यांदा सोडवायची ती आई. तिला अक्षरओळख नाही. मी सूचना वाचायचे, ती बोटांवर मोजून उत्तर द्यायची. "चिखलात उड्या मारणारा मासा, तीन अक्षरी," म्हटलं की हसायची. "निवटी! ह्ये काय इचारतेस?"

नवीन कोडं तिला वाचून दाखवलं. "छताला टांगलेला काचेचा दिवा, तीन अक्षरी." पुढचं वाचलं. तिची बोटं मोजायला उघडलेली, तशीच राहिली. मग हळूच म्हणाली, "माज्यासाठी कायच नाय का गो यात?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेबांनी मला जिन्यात उभं केलं होतं. मी आईला तिच्याच घरात उंबऱ्याबाहेर काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाजारातून तशीच गेले. हात धुतले नाहीत. जिन्यात थांबले नाही. आत जाऊन खुर्चीवर बसले, रात्री पुन्हा मांडलेलं जुनं कोडं पुढे सरकवलं आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"निवटी राहणार. खाली माझं नाव, आडनावासकट. मासळीवाल्यांची आहे हे कळू दे."

"मग नाही छापता येणार."

"नका छापू."

जिना उतरले. खाली येऊन रडलेही.

शनिवारी बायकांनी विचारलं. मान वर करून सांगितलं, "नाय आलं. त्यांना निवटी नको हाय."

अजूनही कुठं आलेलं नाही. दुसऱ्या साप्ताहिकाला देईन, तिसऱ्याला देईन. वाट बघायची मला सवय आहे. पण जिन्यात उभी राहून बघणार नाही. आणि आईला सोडवता येणार नाही असं कोडं या हातांनी पुन्हा होणार नाही.