शेजारची सीट

लेदर की कापड, हे मी गिऱ्हाइकाला कधीच आधी विचारत नाही. आधी विचारतो, बसणार कोण? लहान मुलं असतील तर लेदर, सांडलं की पुसून मोकळं. म्हातारी माणसं असतील तर कापड, कारण लेदरवरून ती वळणावर घसरतात, आणि उन्हात चटका बसतो तो वेगळाच. तीस वर्षं गाड्यांच्या सीट शिवतोय, या एका प्रश्नावर माझं कधी अडलं नाही.

अडलं ते शेवटच्या गाडीपाशी.

शेवटची गाडी हे माणसाचं नाव. म्हणजे लोकांनी ठेवलेलं. सव्वीस वर्षं त्यानं दवाखान्याची शववाहिका चालवली. गेल्या वर्षी तो निवृत्त झाला, नाव काही निवृत्त झालं नाही. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण त्याला ठाऊक आहे. त्यानं सहज जरी विचारलं, "काय, तब्येत कशी आहे?" तरी समोरचा काढता पाय घेतो. म्हणून बिचाऱ्यानं ते विचारणंच सोडलं. लग्न केलं नाही. म्हणजे दोनदा ठरत आलं होतं म्हणे, पण मुलीकडच्यांनी कामाची चौकशी केली आणि पुन्हा फिरकले नाहीत.

एका गुरुवारी दुपारी तो जुनी छोटी मोटार घेऊन माझ्या दारात आला. घेतलेली होती कुणाचीतरी वापरलेली, पण इंजिन चांगलं. ड्रायव्हरशेजारची सीट तेवढी फाटून आतला फोम बाहेर आलेला. दुकानात एक गिऱ्हाईक बसलं होतं, त्याला एकदम काहीतरी काम आठवलं आणि ते उठून गेलं. खोटं कशाला बोलू, मीही त्याला बसा म्हणालो नाही.

"या सीटवर बसणार कोण?" मी विचारलं.

त्यानं बाहेर आलेला फोम बोटानं आत सारला. "ताई," म्हणाला. "बसली तर."

ताई म्हणजे त्याची मोठी बहीण. सत्तरीची, शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहते. गुडघे गेलेत, आठवड्यातून दोनदा बस बदलून उपचाराला जाते. तिला नेता-आणता यावं म्हणून यानं ही गाडी घेतली होती.

"मग कापड घ्या. डोळे मिटून."

त्यानं काउंटरवरचा लेदरचा नमुना हातात घेतला, आणि बघतो तर काय, खिशातून रुमाल काढून तो पुसायला लागला! लक्षात आल्यावर ओशाळला. "सवय," म्हणाला. "आमच्याकडे सगळं पुसता येणारंच असायचं, मास्तर. एकदा फडकं मारलं की कोण होतं, काय होतं, काही उरत नाही. मला नको ते. पण ताईला विचारून येतो." दोन नमुने घेऊन तो गेला.

पुढच्या गुरुवारी परत आला. ताईला कापड टोचतं. बरं, मी मऊ कापड दिलं. त्याच्या पुढच्या गुरुवारी आला, मऊ कापड मळखाऊ नाही. गडद रंग दिला. गडद रंगानं तिला कोंदट वाटतं. मग लेदर बघू म्हणे. लेदरला वास येतो. वास नसलेलं दिलं, ते घसरेल. असे सहा गुरुवार गेले! माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक नाही, दोन नमुन्यांच्या वर गिऱ्हाईक घुटमळलं तर माझं डोकं फिरतं. इथे मात्र दातओठ खाऊन गप्प बसलो, कारण मधल्या एका खेपेला त्यानं मला ती गोष्ट सांगितली होती.

अकरा वर्षांपूर्वी ताईचे यजमान कामावरच गेले. हृदय बंद पडलं. त्यांना आणायला ड्यूटीवर हाच. ताईला परक्याच्या तोंडून कळू नये, आपणच जवळ बसून सांगावं, असं याच्या मनात आलं. म्हणून मेव्हण्यांना दवाखान्यात पोचवून तो तसाच निघाला, तडक तिच्या घरी. घाईत आपण कुठली गाडी घेऊन निघालोय, याचं भान कुठलं! ताई खिडकीत भाजी निवडत होती. खाली भावाची शववाहिका उभी राहिलेली तिनं पाहिली. हा जिना चढून वर पोचेपर्यंत तिला सगळं कळून चुकलं होतं. तिनं दार उघडलंच नाही. त्यानंतर जे काही बोलणं व्हायचं ते दाराला साखळी लावून, फटीतून. एकदा यानं फिरायला नेतो म्हटलं, तर म्हणाली, "तुझ्या गाडीत मी एकदाच बसणार. आणि तेव्हा मला कळणार नाही."

सातव्या गुरुवारी तो आला आणि म्हणाला, "ताई म्हणते, शिलाई जाड दिसते."

माझा तोल गेला. "अहो, शिलाई कसली? नमुन्याला शिलाई असते का? त्यांना लेदर नको, कापड नको, काहीच नको! त्यांना तुमच्या गाडीत बसायचंच नाहीये. एवढं कळत नाही तुम्हाला?"

बोलून गेलो आणि जीभ चावली. वाटलं, आता हा निघून जाणार. तो तसाच उभा राहिला.

"कळतं की," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी कळलं. पण मास्तर, नमुना फटीतून नीट दिसत नाही. साखळी काढावी लागते. मग ती तो उजेडात नेते, बोटांनी चाचपते, नावं ठेवते. मी खुर्चीवर बसतो. अर्धा तास जातो. गेल्या गुरुवारी तर तिनं चहा केला." मग म्हणाला, "सीट ठरली की मी कशाला जाऊ?"

मला इतकी लाज वाटली की काय सांगू. माझ्या दुकानात हा माणूस सात वेळा आला आणि सातही वेळा उभाच होता. मी स्टूल पुढे केलं. कपाट उघडलं आणि हाताला लागेल ते कापत सुटलो. पडद्याचं कापड, सोफ्याचं, छत्रीचं, बॅगांचं रेक्झिन. चांगले वीसेक तुकडे त्याच्या मांडीवर टाकले.

"यातलं निम्मं सीटला चालत नाही," तो म्हणाला.

"त्यांना कुठे ठाऊक आहे?"

तो हसला. त्याला हसताना मी पहिल्यांदाच बघत होतो. मग त्यानं एकेक तुकडा उलटसुलट करून पाहिला, त्यातला निळा घडी घालून खिशात ठेवला आणि बाकीचे सगळे माझ्याकडे परत सरकवले.

"हे तुमच्याकडेच राहू द्या," तो म्हणाला. "एका खेपेला एक पुरे."