चिनी म्हाताऱ्याची सर्दी

बहारीनमधल्या उम्म अल हस्सम भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये येऊन माझी चीनची गोष्ट न ऐकता परत गेलेला मराठी माणूस विरळाच. पण ती गोष्ट अर्धी आहे. उरलेली अर्धी मी बायकोलासुद्धा सांगितलेली नाही — आणि माझ्या पोटात काही राहत नाही, असं ती सगळ्या बहारीनला सांगत असते!

कंपनीने एसीची यंत्रं बघायला आम्हा दोघांना चीनला पाठवलं होतं. मी, आणि पर्चेसमधले इब्राहिमभाई, दापोलीचे. शिआनचं काम आटोपलं. तटबंदीच्या आतलं ते जुनं शहर भाईंना फार आवडलं, कारण तिथल्या मशिदीजवळ त्यांना हलाल जेवण मिळालं होतं. मग शांघायची रात्रीची गाडी. आता पुढचं जेवण कुठे, कोणाला ठाऊक? भाई बिस्किटांवर होते. आणि मी — मी एव्हाना चिनी शिकलो होतो. निदान तसं त्यांना सांगत होतो.

संध्याकाळी जेवणाची ढकलगाडी आली. भात, वर कोबी, कोबीत बारीक तपकिरी तुकडे.

"भाऊ, विचार तिला. गोश नाय ना त्यात?" भाई म्हणाले.

मी विचारलं. काय विचारलं, सांगू? "लहम मफी?" — मांस नाही ना, हे चक्क अरबीत! इतकी वर्षं इथे काढल्यावर समोरच्याला आपली भाषा कळेना की तोंडातून अरबीच बाहेर पडते. ती बाई हसली, मान हलवली, दोन डबे हातात ठेवले. चीनमधल्या बाईला 'मफी' कळलं असेल? नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण भाई कौतुकाने बघत होते ना! मी म्हटलं, "मफी. मश्रूम आहेत."

इथपर्यंत नुसता मूर्खपणा. त्याची मला फारशी लाज वाटत नाही, सवय आहे. पण पुढे —

भाईंनी बिस्मिल्ला म्हटलं, पहिला घास घेतला. समोरच्या बर्थवरच्या म्हाताऱ्याने माझं लक्ष वेधून डब्याकडे बोट दाखवलं. मग त्याच बोटाने स्वतःच्या नाकाचा शेंडा वर दाबला आणि घुर्र घुर्र केलं. वर अंगठा दाखवून हसला — झकास असतं, खा!

मला कळलं. तिथल्या तिथे कळलं. डबा अजून भरलेला होता. हात धरायला असा कितीसा वेळ लागतो?

"काय झालं रे त्याला?" भाईंनी विचारलं.

"सर्दी झालीय बिचाऱ्याला."

आणि भाईंनी — आपल्या पिशवीतून बामची डबी काढून त्या म्हाताऱ्याला देऊन टाकली. मग जेवण संपवलं. मीही संपवलं. सकाळी खिडकीत शांघायच्या क्रेन दिसायला लागल्या, तेव्हा भाई त्या मोजत होते आणि मी झोपेचं सोंग घेऊन पडलो होतो.

गुरुवारी संध्याकाळी आम्ही जमतो तेव्हा मुलं ओरडतात, "अंकल, डू द चायनीज मॅन!" मग इब्राहिमभाई — स्वतः इब्राहिमभाई — बोटाने नाक वर दाबतात आणि घुर्र घुर्र करून दाखवतात. सगळे लोळतात. सगळ्यांत मोठ्याने मी हसतो.

परवा ऑफिसात पुन्हा चीनचं निघालं. भाई माझ्यादेखत साहेबांना म्हणाले, "मना भाऊबरोबरच पाठवा. खाण्याचं तो बघतो."

नकळत खाल्लं तर त्यांना कसलं पाप, आता सांगून कशाला दुखवायचं — हे मी स्वतःला बरीच वर्षं ऐकवलं. पण ते ठरवणारा मी कोण? माझ्या भित्रेपणाला मी त्यांच्या मनाची काळजी म्हणत होतो, दुसरं काय.

उद्या शुक्रवार. नमाज आटोपून भाई घरी येतील तेव्हा मी त्यांच्या दारात असेन. चहा यायच्या आधीच बोलायचं आहे, कारण हातात कप आला की मी रंगवून सांगायला लागतो. काय म्हणायचं तेही ठरवलंय.

"भाई, त्या डब्यात डुकराचं मांस होतं. तुमच्या पहिल्याच घासाला मला ते कळलं. तरी मी तुम्हाला जेवू दिलं."