पोचपावतीवरचा ठसा

त्या गावात पुलाला, शाळेला, बेकरीला, बेकरीवाल्याला आणि दोन वकिलांना एकच नाव होतं. नुसतं तेवढंच नाव लिहिलेलं रजिस्टर पाकीट आलं, तेव्हा नवे पोस्टमास्तर म्हणाले, "पत्ता अपुरा. परत पाठवा."

"सव्वीस वर्षं मी इथे काय माशा मारल्या?" पोस्टमनबाई उसळल्या. अक्षर पेन्सिलीचं होतं आणि पाठवणाऱ्याचं गाव ओळखीचं. बेकरीवाल्याची नात गेल्याच महिन्यात तिकडे राहायला गेली होती. "आणि आजोबांना ती नुसत्या नावानं लिहील होय? चला, दाखवते."

बेकरीच्या पायरीवर नातीचा म्हातारा कुत्रा पडला होता. लाडानं तिनं त्यालाही आजोबांचंच नाव दिलं होतं. पाकीट हुंगताच तो ताडकन उठला. आजोबांनी ते फोडलं, तर आतून नातीचा मोजा निघाला. तो तोंडात धरून कुत्र्यानं गल्लीला तीन फेऱ्या मारल्या.

"पण सही?" साहेब पुटपुटले.

"निरक्षराचा अंगठा चालतो ना?" बाईंनी त्याचा पंजा शाईत बुडवून पावतीवर उमटवला.

साहेबांनी खाली लिहिलं, 'माझ्यासमक्ष.'