आळीभरच्या लोकरीचं दुपटं

लेक बाळंतपणाला येणार म्हणून मंचरला लोकर आणायला गेले, भाव ऐकला आणि तशीच परत आले. घरी येऊन तिचाच लहानपणचा स्वेटर उसवला. उसवलेल्या लोकरीची वेटोळी सरळ व्हावीत म्हणून ती वाफेवर धरली. ओल्या लोकरीचा वास सुटला आणि मी थेट माहेरी अवसरीत, लेकीच्या बारशात जाऊन पोहोचले.

आईने बाळासाठी क्रोशाचं दुपटं विणलं होतं. शेजारणींकडच्या जुन्या टोप्या, मफलर, जे मिळेल ते उसवून, असंच वाफेवर धरून. लाल संपली तिथे पोपटी, पोपटी संपली तिथे जांभळी. माझ्या सासूबाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं.

"उरलेल्या लोकरीचं दिसतंय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई मात्र ताठ.

"उरलेलीच हाय की. नवी लई महाग. पण आमच्या आळीतलं एक घर ह्यातून सुटलं न्हाई, बघा."

तेवढ्यात शेजारची काकू पाळण्यावर वाकली. "अगं बया, ही तर माझ्या बाळूची टोपी!" मग सगळ्याच बायका पाळण्याभोवती गोळा झाल्या, आपापला रंग शोधायला.

सासूबाईंनी दुपट्याच्या कडेवरून हात फिरवला. मग हळूच म्हणाल्या, "विहीणबाई, आमच्या घरची लोकर दिली तर काठ घालाल?"

आता माझं दुपटं विणून होत आलंय. काठ तेवढा बाकी ठेवलाय. काल ताठ मानेने लेकीच्या सासूबाईंना फोन लावला, "विहीणबाई, घरात एखादा जुना स्वेटर आहे का?"