सातही फोल्डरना कुंकू

नातवंडांना वाटतं, आजी जन्मापासूनच शहाणी. शहाणी कसली! तिशीतली मी म्हणजे वारं प्यालेलं वासरू.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी कोल्हारच्या पुढे एका साखर कारखान्याचा कॉम्प्युटर विभाग माझ्याकडे होता. विभाग म्हणजे एक खोली, चार मशीन आणि दाराबाहेर काढलेल्या चपला. प्रोग्रॅम सात: ऊसनोंद, तोडणीचा क्रम, भांडार, वजनकाटा वगैरे. प्रत्येकाचं फोल्डर वेगळं, आणि प्रत्येकात एक मेकफाईल, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्रॅम कसा बनवायचा याची कृती. तेच ते नियम सात ठिकाणी. एक बदलला की सातही फायली उघडा.

खंडेनवमीला आम्ही प्रत्येक यंत्राला हळदकुंकू लावायचो. बोट कुंकवात बुडलेलं असतानाच मला सुचलं, नियमही असेच सरसकट लावावेत की! सगळे नियम एका सामाईक फायलीत घातले आणि सातही फोल्डरना ती जोडून टाकली. त्यात माझ्या हुशारीचा एक जादा नियम: प्रोग्रॅम तयार झाला की आपोआप कामावर रुजू. एक आज्ञा दिली, सातही तयार. मी स्वतःलाच पेढा भरवला.

गळीत हंगाम सुरू होताना उसाची पहिली मोळी टाकायच्या दिवशी जरीची साडी नेसून मांडवात बसले होते. काट्यापुढे उसाच्या बैलगाड्यांची रांग. पहिली गाडी हलली आणि मला एकदम आठवलं. आमच्या खोलीत काटा नव्हता, म्हणून चाचणीपुरतं मी कोडमध्ये ठरावीक वजन लिहून ठेवलं होतं. दरवर्षी रुजू करण्याआधी ते हातानं काढायचे. यंदा प्रोग्रॅम आपोआप रुजू झाला, हात लागलाच नव्हता!

ऊस आणणाऱ्यांचा काट्यावर आधीच संशय. दोन गाड्यांचं वजन सारखंच निघालं तर मुद्दाम केलं म्हणणार, आणि मी कुणाला काय सांगणार? पळाले. पायांत साडी.

काट्यावरचे क्लार्क मामा पहिल्या गाडीआधी दरवर्षी स्वतः काट्यावर उभे राहायचे. आत्ताही तिथेच होते, आकड्याकडे बघत.

"ताई, म्या लई जाड झालो का? दोन टन भरलो."

"मामा, चूक माझी आहे. गाड्या थांबवा."

रांगेतून आवाज आलाच, "पैल्याच दिशी काटा मारायला लागले व्हय!"

मामांच्या केबिनमधल्या टर्मिनलवर बसले. पासवर्ड तीनदा चुकला. बाहेर माणसं खिडकीला चिकटलेली. ते ठरावीक वजन खोडलं, काट्याचं फोल्डर सामाईक फायलीतून सोडवलं, प्रोग्रॅम पुन्हा तयार केला आणि जागेवर नेऊन ठेवला.

मामा काट्यावर चढले. साठ किलो.

"ह्यो त्यांचाच मानूस हाय," कुणीतरी म्हणालं.

"मंग ताई, तुमी चढा," मामा म्हणाले.

मीही त्यांचीच, पण हे त्या घटकेला कुणाच्या लक्षात आलं नाही. एरवी किलोभर वाढलं तरी चोरून ठेवणारी मी, दोनेकशे लोकांसमोर काट्यावर उभी. डोळे गच्च मिटलेले. पुन्हा दोन टन निघाले तर?

"सत्तर!" मामा ओरडले. "माज्यापरीस ताई भारी!"

रांग हसली. पहिली गाडी वर आली. मी उतरून बाजूला झाले होते, पण काट्याजवळून हलले नाही. दुसरी, तिसरी, चौथी. चारही आकडे वेगळे निघाले, तेव्हा कुठे सुटलेल्या निऱ्या खोचायला मी केबिनमागे गेले.