लायसनवरचा मोकळा गळा

आमचे सासरे, म्हणजे मामा, बसवकल्याणात होमलोनचे एजंट. बस स्टँडच्या मागं छोटं दुकान. तालुक्यात कुणाला घर बांधायचं असलं की आधी तिथं येणार. गेल्या वर्षी फर्मान निघालं, ज्या एजंटाकडं लायसन न्हाई त्याच्या फाइली महिनाअखेरीपासून बँक घेणार न्हाई. पण लायसन आता झटपट मिळतं म्हणे. पूर्वी त्यासाठी बेंगळुरूला खेटे घालावे लागायचे. आता परीक्षा घरबसल्या, कॅमेऱ्यासमोर, आणि पास झालं की त्याच दिवशी लायसन मोबाइलवर. मामा खूश. लॅपटॉप मांडायचं काम अर्थातच सुनेकडं, म्हणजे माझ्याकडं.

"बघ पोरी, सरकारला बी अक्कल आली."

कसली अक्कल अन् कसलं काय!

परीक्षेला मामा इस्त्रीचा शर्ट घालून बसले. कपाळाला विभूती, शर्टावर चांदीच्या डबीतलं इष्टलिंग. दीक्षा झाल्यापासून ते त्यांच्या गळ्यातून उतरलेलं नव्हतं. आम्हा लिंगायतांत ते जिवंतपणी उतरवत न्हाईत, माणसासोबतच मातीत जातं.

लॅपटॉपमधून एक बाई बोलली, "सर, गले में जो डिवाइस है, निकालिए."

मामांना वाटलं, मोबाइल म्हणतीय. त्यांनी खिशातला मोबाइल माझ्याकडं दिला.

"वो नहीं सर. वो चांदी का डिब्बा."

मामा हसले, हात जोडले. "मॅडम, ये मशीन नहीं है, हमारा देव है."

"नियम है सर. नहीं निकालेंगे तो परीक्षा रद्द."

परीक्षा रद्द म्हणजे दुकान बंद, आणि आमची चूल त्या दुकानावर. मला त्या बाईचा असा राग आला, समोर असती तर झिंज्याच उपटल्या असत्या! मामांनी एकदा माझ्याकडं बघितलं, डोळे मिटले, दोरा डोक्यावरून काढला आणि लिंग माझ्या तळहातावर ठेवलं. डबी त्यांच्या अंगाच्या उबेनं गरम होती. परीक्षा संपेपर्यंत मी तो हात छातीशी धरून बसले. शेवटी बाई म्हणाली, "चेहरा और गला दोनों दिखाइए," आणि तिनं फोटो काढला.

मामा पास झाले. चहाला उकळी यायच्या आत लायसन आलं. वा रे वा, काय ती चपळाई!

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दारात उभ्या राहून सगळं बघत होत्या. मी पेढा पुढं केला.

"माणूस मेल्यावर पेढे वाटायलीस व्हय गं?"

लिंग परत बांधायला स्वामी लागतात, अन् ते चिटगुप्प्याला कार्यक्रमाला गेलेले. ते येईस्तोवर मामा अन्नाला शिवले न्हाईत. आत्याबाईंनी एकदाही जेवा म्हटलं न्हाई. स्वामी आले, त्यांनी विधी केला, लिंग बांधलं, वर म्हणाले, "अप्पा, देव एवढा रुसका न्हाई." मामांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"देवानं माफ केलं असंल," आत्याबाई म्हणाल्या. "मी देव न्हाई."

लायसन मोठं छापून गिऱ्हाइकाला दिसंल असं लावायचं, असा बँकेचा नियम. मी फ्रेम करून आणली. फोटोत कपाळाला विभूती, अन् खाली नुसता मोकळा गळा. येणारा माणूस नंबर बघत न्हाई, तो गळाच बघतो. संतपूरचा एक व्यापारी भर दुकानात म्हणाला, "अण्णा, धंद्यासाठी देव काढून ठेवलाव म्हणं?" बाकीचे फिदीफिदी हसले. मामाही हसले.

परवा सकाळी आम्ही दोघांनी दुकान उघडलं तर फ्रेमला चंदनाचा हार. आमच्या घरी तसला हार फक्त गेलेल्यांच्या फोटोला असतो. खाली उदबत्ती अजून जळायलती. दुकानाची दुसरी किल्ली आत्याबाईंकडं असते.

मी दातओठ खात स्टूल ओढलं आणि हाराला हात घातला.

"राहू दे पोरी," मामा म्हणाले. "गळा तर झाकला."